दोन काचांमधला थेंब चढावर का चढतो, आणि मध्येच का अडकतो?

प्रश्न ठाण्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा आहे. नववीच्या मुलांनी प्रदर्शनासाठी मायक्रोस्कोपच्या दोन स्लाइड घेतल्या. एका टोकाला त्या एकमेकींना टेकवल्या, दुसऱ्या टोकाला मध्ये तिसऱ्या स्लाइडचा तुकडा सरकवला आणि त्या तिरप्या फटीत पाण्याचा थेंब सोडला. थेंब सर्रकन मिटलेल्या टोकाकडे गेला. मिटलेलं टोक वर करून काचा तिरप्या धरल्या, तरी तो वरच चढला. मुलं खूश. पण चार जणांच्या हातातून काचा फिरल्यावर थेंब मध्येच थांबायला लागला. खोबरेल तेलाचा थेंब रमतगमत गेला. आणि काचांना मेणबत्ती घासली तेव्हा पाणी उलट, उघड्या तोंडाकडे निघालं. बाईंचं विचारणं असं, की या सगळ्यामागे एकच कारण आहे का, आणि परीक्षकांनी ‘याचा उपयोग काय?’ म्हटलं तर मुलांनी काय सांगायचं?

बाई, मी रबाळ्याला कोटिंगच्या लॅबमध्ये काम करतो. पाण्याने कुठे पसरावं आणि कुठे पसरू नये, यावरच आमचं पोट. त्यामुळे उत्तर जरा लांबलंय. पण गाभा दोन वाक्यांचा आहे. थेंब कुठल्या दिशेला जाणार, हे फटीचा उतार आणि स्पर्शकोन मिळून ठरवतात. तो मुळात जागचा हलणार की नाही, हे काचेवरचा मळ ठरवतो. पुस्तकात पहिली गोष्ट असते. टेबलावर मात्र दुसरीच भारी पडते.

आधी दिशेचं बघू. स्वच्छ काचेवर पाणी पसरतं. पाण्याची कड काचेला जिथे टेकते तिथे पाण्याच्या आतून मोजलेला कोन म्हणजे स्पर्शकोन, आणि स्वच्छ काचेवर तो लहान असतो. दोन काचांमध्ये सापडलेल्या थेंबाला दोन उघड्या कडा असतात, एक अरुंद बाजूला आणि एक रुंद बाजूला. स्पर्शकोन लहान असल्यामुळे दोन्ही कडा आत वळलेल्या, अंतर्वक्र. अशा कडेच्या आत पाण्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. फट जेवढी अरुंद तेवढी कड जास्त वळलेली, आणि दाब तेवढा आणखी कमी. म्हणजे त्याच एका थेंबात अरुंद टोकाला दाब बराच उतरलेला आणि रुंद टोकाला थोडासाच. पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातं, म्हणून थेंब मिटलेल्या टोकाकडे सरकतो. ते टोक वर आहे की खाली, याचा या हिशोबात कुठेच संबंध येत नाही. गुरुत्वाकर्षण फक्त विरुद्ध बाजूने वजन टाकतं, आणि एवढ्याशा फटीत ते बहुतेक वेळा हरतं.

किती हरतं, ते मुलांकडून पाटीवर करून घ्या. स्लाइड ७५ मिलिमीटर लांब आणि साधारण १ मिलिमीटर जाड. टोकाला एका स्लाइडची जाडी सरकवली की फटीचा कोन पाऊण अंशाच्या आसपास येतो. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. तो मिटलेल्या टोकापासून ४० मिलिमीटरवर असेल तर तिथे फट ०.५३ मिलिमीटर, आणि थेंब चेपून सुमारे ११ मिलिमीटर व्यासाची चकती होतो. चकतीच्या अरुंद कडेला फट ०.४६ मिलिमीटर, रुंद कडेला ०.६१. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ०.०७२ न्यूटन. पृष्ठताणाची दुप्पट भागिले फट, एवढा दाब कडेपाशी उतरतो (स्पर्शकोन शून्याजवळ धरला तर). अरुंद बाजूला ही उतरण ३१३ पास्कल, रुंद बाजूला २३६. दोहोंतला फरक ७७ पास्कल, म्हणजे जवळजवळ ८ मिलिमीटर उंच पाण्याचा स्तंभ. आता ११ मिलिमीटर लांबीची चकती तिरपी केली, तर हा फरक ती ४५ अंशांच्या चढापर्यंत पेलून धरतो. मुलांनी केलेला चढ नक्कीच याहून कमी असणार.

याच हिशोबात पुढे गंमत आहे. थेंबाचं आकारमान तेवढंच राहतं, पण तो अरुंदाकडे गेला की चकती मोठी होते आणि जास्त काच भिजते. भिजलेल्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे ऊर्जा कमी होते. त्यातून थेंबावरची ओढ काढली तर ती मिटलेल्या टोकापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात येते. अंतर निम्मं, ओढ चौपट. आपल्या स्लाइडच्या बाबतीत थेंब ३३ मिलिमीटरच्या आत पोचला, की काचा अगदी उभ्या धरल्या तरी तो वरच जाणार.

हा नियम कागदावर समीकरण येण्याआधी टेबलावर सापडला होता. लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रयोग दाखवण्याचं काम फ्रान्सिस हॉक्सबीकडे होतं. त्याने १७१२ च्या सुमारास संत्र्याच्या तेलाचा थेंब दोन तिरप्या काचांमध्ये सोडला, काचा उचलत उचलत नेल्या, आणि कुठल्या अंतरावर किती चढ दिला की थेंब थबकतो याची नोंद ठेवली. तेव्हा सोसायटीचा अध्यक्ष न्यूटन होता. त्याने ‘ऑप्टिक्स’ या आपल्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रश्नात हा प्रयोग घेतला: वीस-पंचवीस इंच लांब काचा, कोन अवघा दहा-पंधरा मिनिटांचा, म्हणजे पाव अंश किंवा त्याहून कमी. वर्गाच्या व्यस्त प्रमाणाची गोष्ट तिथे आहे. त्याच सुमारास ब्रूक टेलरने दोन काचा उभ्या कडेला मिटवून पाण्यात उभ्या केल्या आणि वर चढलेल्या पाण्याची कड अतिपरवलयाच्या (हायपरबोलाच्या) आकाराची असते असं दाखवलं. टेलरचा प्रयोग तुमच्या प्रदर्शनात जरूर ठेवा. रंगीत पाण्याची बशी आणि त्याच दोन स्लाइड, बाकी काही लागत नाही. दाब आणि वक्रतेचं नीट गणित यंग आणि लाप्लास यांनी दिलं, ते १८०५-०६ मध्ये, म्हणजे जवळपास शंभर वर्षांनी.

न्यूटनच्या वर्णनातला एक तपशील सहसा कोणी सांगत नाही, आणि आमच्या धंद्यातल्या माणसाची नजर आधी तिथेच जाते. थेंब सोडण्याआधी काचा आतून संत्र्याच्या तेलात किंवा टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्यायच्या, असं तो सांगतो. हे पुसणं काढून टाका, आणि तुमच्या मुलांचा अडकलेला थेंब समोर येईल.

आता अडकण्याविषयी. शाळेच्या पुस्तकात एका द्रवाचा एका पृष्ठभागावर एकच स्पर्शकोन असतो. खऱ्या काचेवर दोन असतात. पाणी कोऱ्या भागावर पुढे सरकताना कोन मोठा असतो आणि भिजलेल्या भागावरून मागे हटताना लहान. आमच्याकडे त्यांना अॅडव्हान्सिंग आणि रिसीडिंग अँगल म्हणतात. कोटिंगचा नमुना आला की आम्ही सुईने थेंबात पाणी भरत जातो आणि कड हलेल त्या क्षणीचा कोन वाचतो, मग पाणी खेचत जातो आणि पुन्हा कड हलेल तेव्हाचा वाचतो. या दोहोंच्या मधल्या कुठल्याही कोनात कड खुशाल जागच्या जागी बसते. बोटांचा तेलकटपणा, साबणाचा उरलेला थर, धूळ, सूक्ष्म ओरखडे, यांनी हा फरक वाढतो.

फटीतल्या थेंबाला हलायचं तर एकाच वेळी दोन गोष्टी घडायला लागतात: अरुंद कडेला पाणी पुढे सरकलं पाहिजे आणि रुंद कडेला मागे हटलं पाहिजे. म्हणजे अरुंद बाजूला मोठा कोन लागू होणार आणि रुंद बाजूला लहान. गणित सोपं आहे. रुंद फट भागिले अरुंद फट हे गुणोत्तर, लहान कोनाची कोसाइन भागिले मोठ्या कोनाची कोसाइन याहून जास्त आलं तरच थेंब निघतो. हाताळलेल्या काचेवर मोठा कोन ५० आणि लहान १० अंश धरा. कोसाइनचं गुणोत्तर १.५३. आपल्या थेंबाचं फटीचं गुणोत्तर ०.६१ भागिले ०.४६, म्हणजे १.३३. थेंब बसला! काच धुतलेली असेल, कोन २० आणि ५ असतील, तर हेच गुणोत्तर १.०६ होतं आणि थेंब सुटतो. तोच थेंब, तीच फट, तोच उतार. मध्ये फक्त बोटांचे ठसे आले.

यातून मुलांना तपासून बघता येतील अशी दोन भाकितं निघतात. मळलेल्या काचेवर ४० मिलिमीटरवर एक थेंब अडकला असेल, तर त्यातच आणखी दोन थेंब मिसळा. चकती १९ मिलिमीटरची होते, फटीचं गुणोत्तर १.६ च्या वर जातं आणि थेंब निघतो. किंवा तोच एक थेंब मिटलेल्या टोकाच्या जवळ, २५ मिलिमीटरवर सोडा. तिथे तो जास्त चेपतो, जास्त पसरतो, गुणोत्तर १.७६ होतं. ५० आणि १० अंशांच्या कोनांना एका थेंबाची सीमारेषा साधारण ३० मिलिमीटरवर येते. म्हणून थेंब एकदा ती ओलांडून आत गेला की सहसा मध्ये थांबत नाही. अडकतो तो बाहेरच्या अंगाला. मुलांना विचारून बघा, थेंब नेमके कुठे अडकत होते.

अडकलेल्या थेंबाला हलवायची आणखी एक युक्ती आहे, आणि मला या विषयात सगळ्यात आवडते ती हीच. वरची काच हलकेच दाबा आणि सोडा, पुन्हा दाबा आणि सोडा. दाबलं की दोन्ही कडांचे कोन वाढतात, पण अरुंद कडेचा कोन आधीपासून मोठा असल्यामुळे तो हद्द आधी गाठतो आणि पाणी तिथे पुढे सरकतं. सोडलं की दोन्ही कोन उतरतात, आणि रुंद कडेचा आधीच लहान असल्यामुळे ती आधी मागे हटते. प्रत्येक दाब-सोडीला थेंब एक पाऊल आत. जो फरक थेंबाला अडवत होता, तोच आता त्याला मागे घसरू देत नाही.

फॅलॅरोप नावाचा छोटा पाणपक्षी नेमकं हेच करून खातो. तो पाण्यावर स्वतःभोवती गरगर फिरून खालचं पाणी वर आणतो, बारीक जीव असलेला थेंब लांब चोचीच्या टोकात पकडतो आणि चोच किंचित उघड-मीट करत तो थेंब तोंडापर्यंत चढवतो. मनू प्रकाश, डेव्हिड केरे आणि जॉन बुश यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे उलगडून दाखवलं. धातूची चोच बनवूनही त्यांनी थेंब चालवला होता. लाल मानेच्या फॅलॅरोपचे थवे हिवाळ्यात अरबी समुद्रावर असतात, त्यामुळे हा पक्षी आपल्याला अगदी परका नाही. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचं तंत्र मात्र वेगळं, ते चिखलपाणी चोचीतून गाळतात. मुलं दोघांची गल्लत करतील, म्हणून आधीच सांगतो. आणि पाण्यात तेल किंवा डिटर्जंट आलं की चोचीवरचे कोन बिघडतात, थेंब नीट चढत नाही आणि पक्ष्याच्या पोटावर येतं. शेजारी खाडी असलेल्या शाळेतल्या मुलांनी हे सांगितलं तर परीक्षक कान टवकारतील.

तेलाचं थोडक्यात. खोबरेल तेलाचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी, म्हणजे ओढणारं बळ कमी. दाटपणा मात्र पाण्याच्या कित्येक पट. शिवाय फट अरुंद होत गेली की ओढीबरोबर घर्षणही वाढतं, त्यामुळे ओढ चौपट झाली तरी वेग चौपट होत नाही. तेलाचा फायदा असा की ते काचेवर सहज पसरतं आणि पाण्यासारखं बोटांच्या ठशांवर अडत नाही. हळू जाईल, पण जाईल. प्रदर्शन डिसेंबर-जानेवारीत सकाळी असेल तर तेल घरून पातळ करून न्या. २४-२५ अंशांच्या खाली खोबरेल थिजतं, आणि मग कुठलाच सिद्धांत कामाला येत नाही.

मेणाकडे जरा जास्त लक्ष द्या, कारण तिथे नुसतं ‘उलटं होतं’ म्हणून भागत नाही. मेणावर पाण्याचा स्पर्शकोन १०५ ते ११० अंश. कडा आता बाहेर फुगलेल्या, म्हणून आतला दाब हवेपेक्षा जास्त, आणि अरुंद बाजूला सर्वात जास्त. थेंब ढकलला जातो तो उघड्या तोंडाकडे. पण तो सरकतच राहतो असं नाही. फट पुरेशी रुंद झाली की तो दोन्ही बाजूंनी चेपलेल्या गोलाचा आकार घेतो, आणि त्या जागी दोन्ही कडांची वक्रता एकच होते. वक्रता सारखी, दाब सारखा, जायचं कारण संपलं. पाण्याला असं अधांतरी थांबता यावं, यासाठी स्पर्शकोन ९० अंश अधिक फटीचा अर्धा कोन, याहून मोठा असावा लागतो. तुमच्या पाऊण अंशाच्या फटीत ही थांबायची जागा स्लाइडच्या बाहेर पडते, म्हणून थेंब थेट तोंडाशी येऊन उभा राहतो. टोकाला एकाऐवजी चार-पाच स्लाइडची जाडी लावा आणि मेण एकसारखं बसवा, म्हणजे थेंब मध्येच, कोणी न अडवता, विसावलेला दिसेल. अडकलेला आणि विसावलेला हा फरक ओळखायला काचेला टिचकी मारा. अडकलेला थेंब टिचकीने पुढे सरकतो, विसावलेला थरथरून परत तिथेच येतो.

एकच काच मेणाची आणि दुसरी स्वच्छ ठेवली तर? मुलांना आधी अंदाज करायला लावा. बहुतेक जण ‘जागेवर थांबेल’ म्हणतात. इथे दोन्ही काचांच्या कोसाइनची बेरीज मोजायची. काचेचे २० अंश म्हणजे ०.९४, मेणाचे १०७ अंश म्हणजे उणे ०.२९. बेरीज ०.६५, अधिक चिन्हाची. म्हणून थेंब अरुंदाकडेच जाईल, पण दोन्ही काचा स्वच्छ असतानाच्या साधारण एक तृतीयांश ओढीने.

आता उपयोग. अंतराळातलं उदाहरण मुलांना आवडतं, तर तेही सांगून टाकतो. पॉल कॉन्कस आणि रॉबर्ट फिन यांनी १९६९ मध्ये सिद्ध केलं, की स्पर्शकोन आणि कोपऱ्याचा अर्धा कोन यांची बेरीज ९० अंशांपेक्षा कमी असेल तर वजनरहित स्थितीत द्रव त्या कोपऱ्यातून थांबायचं नावच घेत नाही. यानांच्या इंधनटाक्यांमध्ये द्रव हव्या त्या तोंडाशी आणायला हे वापरतात. डॉन पेटिट या अंतराळवीराने २००८ मध्ये अवकाश स्थानकात प्लास्टिकचा कागद दुमडून, एका बाजूला टोकदार कोपरा असलेला कॉफीचा कप केला, तोही याच तत्त्वावर.

पण मला विचाराल तर मुलांनी वर बघायची गरज नाही, छपराकडे बघावं. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत टीटीसी औद्योगिक वसाहतीत जिकडे तिकडे पत्र्याच्या शेड आहेत. पावसाळ्यात आमच्याकडे एक तक्रार ठरलेली: पत्रा नवा, भोक कुठे नाही, पाऊस उघडून तास झाला, तरी स्क्रूच्या रांगेखाली टिपकतंय. मालक कोटिंगला दोष देतो, फॅब्रिकेटर पत्र्याला, आणि पत्रेवाला वाऱ्याला. वारा असतोही. पण वारा पडल्यावर जे टिपकतं, ते वाऱ्याने वर चढलेलं नसतं.

वरचा पत्रा खालच्यावर साधारण १५० मिलिमीटर चढवलेला असतो. त्या दोन पत्र्यांमधली फट अर्धा मिलिमीटर धरा. पूर्ण भिजणाऱ्या पृष्ठभागावर एवढ्या फटीत पाणी २९ मिलिमीटर उभं चढतं. ही उंची भिंतीवर क्षुल्लक वाटते. पण छपराचा उतार ५ अंशांचा असेल, तर २९ मिलिमीटर उंची गाठायला पाणी उतारावरून ३३० मिलिमीटरहून जास्त मागे, म्हणजे वरच्या बाजूला, जाऊ शकतं, म्हणजे चढवलेल्या पत्र्याच्या दुप्पट. नव्या रंगवलेल्या पत्र्यावर स्पर्शकोन ७० अंशांच्या आसपास असतो, तेव्हा हा आकडा ११५ मिलिमीटरवर येतो आणि शेड वाचते. दोन-चार पावसाळ्यांत रंग उन्हाने खडबडीत होतो, खाडीकडची खारट धूळ बसते, कोन उतरतो आणि पाणी मागे सरकायला लागतं. पहिल्या वर्षी न गळलेली शेड चौथ्या वर्षी गळायला लागते ती बऱ्याचदा यामुळे.

आणि ही फट समांतर नसते. इथे मुलांचा प्रयोग थेट छपरावर येतो. स्क्रू जिथे आवळला तिथे पत्रे एकमेकांना टेकलेले, दोन स्क्रूंच्या मध्ये किंचित उघडे. म्हणजे प्रत्येक स्क्रूभोवती एक पाचरीसारखी फट, जिचं मिटलेलं टोक म्हणजे खुद्द स्क्रूचं भोक. फटीत कुठेही शिरलेलं पाणी शेवटी तिथेच ओढलं जाणार. आम्ही अशा शेडचा जोड उघडून बघतो तेव्हा गंजाचा नकाशाच समोर येतो: प्रत्येक स्क्रूभोवती तपकिरी कडं, कड्याच्या आत जस्त पूर्ण खाल्लेलं, आणि दोन स्क्रूंच्या मधला पट्टा कोरा, कंपनीतून आला तसा चकचकीत. ऊन पडल्यावर मधली फट आधी सुकते आणि अरुंद जागेतलं पाणी सगळ्यात शेवटी, त्यामुळे मीठही तिथेच साठतं. वॉशर कितीही चांगला असो, तो वरून येणारं पाणी अडवतो. हे पाणी त्याच्या खालून आलेलं असतं.

यावर इलाज दोनच. एक तर फट इतकी मोठी करायची की पाणी तिला धरूच शकणार नाही. पाण्याच्या बाबतीत ५-६ मिलिमीटरच्या पुढे केशाकर्षण, म्हणजे फटीची ही ओढ, नगण्य होतं. म्हणूनच चांगल्या पत्र्याच्या बाजूच्या जोडात एक उभी खाच दिलेली असते आणि खिडकीच्या छज्ज्याखाली गवंडी एक चर ठेवतो. नाहीतर फट पूर्ण भरायची: ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), सलग, स्क्रूच्या पावसाकडच्या बाजूने, म्हणजे पाणी भोकापर्यंत पोचण्याआधी टेपला अडेल. उतार कमी असेल तर स्क्रूच्या वरच्या अंगाला दुसरी ओळ. अर्धवट काम मात्र नको. ठिगळं लावल्यासारखा मध्ये मध्ये सीलंट मारला तर प्रत्येक ठिगळाच्या काठाशी नवी पाचर तयार होते आणि पाण्याला जायला आणखी जागा मिळतात. स्क्रू जास्त आवळणं हाही उपाय नाही. पत्रा स्क्रूपाशी दबतो, मधे फुगतो, आणि पाचर तशीच राहते.

प्रदर्शनासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. स्लाइड भांड्यांच्या साबणाने धुवा आणि वाहत्या पाण्याखाली भरपूर खळखळून घ्या, कारण उरलेला साबण पृष्ठताण उतरवतो आणि सगळे आकडे बिघडवतो. शेवटचं पाणी डिस्टिल्ड, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते चालेल. काचा उभ्या ठेवून वाळू द्या, फडक्याने पुसू नका, आणि नंतर फक्त कडांना धरा. रंग हवा असेल तर खाण्याचा, चिमूटभर. एक संच स्वच्छ आणि एक मुद्दाम बोटांनी मळवलेला, असे शेजारी शेजारी मांडले तर निम्मं समजावणं वाचेल.

आणि मुलांना खरंच मोजायचं असेल, तर हॉक्सबीचंच मोजू द्या. खालच्या काचेला पट्टी चिकटवा आणि बाजूला कोनमापक उभा करा. एका अंतरावर थेंब सोडा आणि चढ वाढवत जा. थेंब वर जायचा थांबतो तो एक कोन. आणखी वाढवल्यावर तो खाली घसरायला लागतो तो दुसरा. मधल्या पट्ट्यात तो मळामुळे नुसता बसलेला असतो, म्हणून दोन्ही कोनांच्या साइनची सरासरी घ्या. एका थेंबाला आणि एका स्लाइडच्या जाडीला अगदी स्वच्छ काचेवर ६० मिलिमीटरवर साधारण १८ अंश, ५० वर २६ आणि ४० वर ४४ यायला हवेत. मुलांचे आकडे याहून कमी येतील. ते तसेच तक्त्यात लिहू द्या, आणि त्याशेजारी दोन कोनांमधल्या फरकाचा एक वेगळा रकाना ठेवा. स्वच्छ आणि मळलेल्या संचांत सगळ्यात जास्त बदललेला दिसेल तो हाच रकाना.